एनी टाइम म्हणजे कधी

सरोजिनी नगर, दिल्ली
सोमवार, दुपार

ती. सौ. वैजयंतीवहिनीस,

लताचा वाकून नमस्कार. (गुडघे धरलेत, म्हणून कागदावरच वाकते.) दादाचा खोकला कसा आहे? त्याला म्हणावं, तंबाखू सोडली असं फोनवर सांगू नकोस, खरंच सोड. आम्ही मजेत. थंडी पडली, लाल गाजरं आली, ह्यांच्या ऑफिसला दोन सुट्ट्या जोडून आल्या.

तुम्ही जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंत, राग मानू नका, पण त्या भाषेत काही राम नाही. मामी, मावशी, आत्या, काकू, सगळ्या आंटी. साहेबालाही यू आणि कुत्र्यालाही यू. पाय त्यांनी आपल्या पायावर द्यायचा आणि सॉरी दोघांनी म्हणायचं. हेही चालवून घेतलं असतं, पण ह्या भाषेने आमच्या शार्दूलचं लग्न मोडत आणलं होतं, म्हणून लिहायला बसले.

त्याची देविका तुम्ही फोटोत पाहिलीत. तिची आई वृंदाबाई गुरुग्रामला एकोणिसाव्या मजल्यावर राहतात. माणसं आपलीच, पण दिल्लीत इतकी मुरलीत की मराठी फक्त सणासुदीला बाहेर काढतात (चांदीच्या भांड्यांसारखी). पोरांचं ठरलं, आम्ही हो म्हटलं, बाईंचा होकार मात्र येईना. फोन केला की सगळं गोड गोड. यू मस्ट कम होम. मी विचारलं, कधी? तर म्हणाल्या, एनी टाइम. आता एनी टाइम म्हणजे कधीही, एवढं मलाही कळतं. कधीही म्हणजे रविवारीसुद्धा. शार्दूल कामाला जयपूरला गेला होता, नाहीतर त्याने आधीच सांगितलं असतं की इंग्रजीत एनी टाइम म्हणजे येऊ नका.

तर काल सकाळी नारळ, खण, तांदूळ पिशवीत भरले, ह्यांना पुढे घातलं आणि मेट्रो बदलत पोचलो. गेटवरचा गार्ड म्हणतो, "मॅडम को पता है आप आ रहे हो?" म्हटलं, मॅडमने ही बुलाया है. वर दार उघडलं तर वृंदाबाई गाऊनमध्ये, डोक्याला मेंदी थापलेली, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी. म्हणाल्या, व्हॉट अ लव्हली सरप्राइज. तोंड मात्र लाइट गेल्यासारखं. हे मागून माझा पदर ओढताहेत, चल निघू, चल निघू. (लग्नाला तीस वर्षं होत आली, हा माणूस अजून कुठे पोचला की निघायचंच बघतो.) मग बाई म्हणाल्या, मेक युअरसेल्फ अॅट होम. आपलंच घर समजा म्हटल्यावर मी सरळ स्वयंपाकघरात गेले. तिथे दूध उतू चाललेलं. मी गॅस बंद करेपर्यंत मागून आवाज आला, "अगं बाई, माझं दूध." अख्खं वाक्य, इंग्रजीचा थेंब नाही. म्हटलं, आता सोडायचं नाही. ओटा पुसता पुसता विचारलं, "तुमचा होकार आहे की नाही, ते ह्याच भाषेत सांगा."

बाईंनी दुधाचं पातेलं खाली उतरवलं. मग म्हणाल्या, "देविका म्हणते, सासूबाई फटकळ आहेत. मला भीती वाटली हो."

"आहेच मी फटकळ."

"ते दिसलं. पण माझी सासू जन्मभर गोड बोलली. ती खूश आहे की रागावलीय, हे मला ती गेल्यावरसुद्धा कळलं नाही. त्यापेक्षा तुम्ही बऱ्या."

वहिनी, मी तिथेच त्यांची ओटी भरली, डोक्यावरच्या पिशवीसकट. (कुंकू लावायला कपाळावरची मेंदी पुसावी लागली.) मग दोघींनी मिळून थालीपीठं लावली. ह्यांनी चार खाल्ली आणि निघायचं नाव काढलं नाही. साखरपुडा संक्रांतीनंतर धरलाय.

तुमची,
लता

ता. क. साखरपुड्याला दादाला घेऊन आठ दिवस आधी या. हे मराठीत सांगतेय, म्हणजे तिकीट काढा.

आणखी एक. येताना पहिलीचं इंग्रजीचं पुस्तक आणा आणि रोज दुपारी मला शिकवा. विहीणबाईंसाठी नाही, त्यांचं माझं मराठीत झकास चाललंय. पण शार्दूल आणि देविका चिडले की भराभर इंग्रजीत भांडतात. उद्या ती दोघं शेजारच्या खोलीत भांडली आणि चूक कुणाची हेच मला कळलं नाही, तर मी सासू होऊन करायचं काय?