कंप्रेसर ठरेपर्यंत

४ जानेवारी
जीपचे दोन्ही डिफरन्शियल लॉक बसले. आता एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढत राहील. लॉक लागतात ते हवेच्या दाबावर, म्हणजे फक्त कंप्रेसर निवडायचा राहिला. आठवड्याचं काम.

बाबांना सांगितलं. म्हणाले, मी याच जीपने आयुष्यभर टॉवरवर गेलो, तेव्हा कुठे होते लॉक? मी म्हटलं, तो योगायोग. म्हणाले, रोजचा? मी पान्हे आवरले.

बाबा डोंगरावरच्या वायरलेस टॉवरवर टेक्निशियन होते. ऑफिसची ही जीप लिलावात निघाली तेव्हा त्यांनीच घेतली. आता त्यांचे डोळे जात आहेत आणि त्यांना एकदा टॉवरपासून खाली बघायचं आहे. तळं, वस्ती, आमचं घर. परवा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, जो मला वर नेईल त्याची जीप. ताई हसली, भाऊजी हसले. मी हसले नाही, कारण निकाल उघड आहे. मी पंपांचे व्हॉल्व्ह डिझाइन करते. भाऊजींचं गाद्यांचं दुकान आहे.

९ जानेवारी
डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. बाबांना नळीतून बघितल्यासारखं दिसतं आणि नळी आतून बुजत चालली आहे. नळी हा माझा विषय, म्हणून विचारलं, सध्या व्यास किती? म्हणाल्या, तसं सांगता येत नाही, जे दाखवायचंय ते उन्हाळ्याच्या आत दाखवा. आकडा नाही, टॉलरन्स नाही. अशा माहितीवर शेड्यूल लावता येत नाही. तरी जानेवारीअखेर जायचं हे मी ठरवलेलंच आहे.

२२ जानेवारी
गॅरेजच्या मिस्त्रीचं मत: छोटा कंप्रेसर घ्या, लॉकला पेलाभर हवा पुरते. लॉकपुरतं बरोबर आहे. पण टायरचं काय? खडीवर चढताना टायरची हवा कमी करायची, उतरल्यावर परत भरायची. छोटा कंप्रेसर त्यात तापतो, बंद पडतो आणि गार होत बसतो. मी म्हटलं, मला न थांबता चालणारा हवा, शिवाय टाकी. मिस्त्री म्हणाला, मॅडम, वडलांना वर न्यायचंय की पंक्चरचं दुकान टाकायचंय?

मनाला लावून घेतलं नाही. त्याच्या जॅकला तेल गळतं.

३ फेब्रुवारी
जानेवारी संपला. मुदत माझीच होती, त्यामुळे वाढवण्याचा अधिकारही माझाच.

चार कंप्रेसर शर्यतीत. प्रत्येक निकषाला वजन दिलं: दाब, हवेचा प्रवाह, उष्णता, आवाज, धूळ, वायरिंग. बेरीज केली तर मिस्त्रीचा छोटा पहिला आला. म्हणजे वजनं चुकली होती. बदलली.

ताईचा फोन. म्हणाली, अगं, बाबांना न्यायला गाडी लागते, हवा नाही. तू त्या इन्स्ट्रुमेंटवाल्या स्थळालाही असंच तपासत बसलीस, शेवटी तो कंटाळून गेला. तो कंटाळून गेला नव्हता. मी त्याला नाकारलं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्यामुळे घरात गैरसमज आहे.

१८ फेब्रुवारी
दोन कंप्रेसर ट्रायलवर घरी आणले. जेवणाचं टेबल आता टेस्ट बेंच. बाबा ताट मांडीवर घेऊन जेवतात, त्यांना जमतं.

आवाजाची चाचणी बाबांच्या खोलीत घेतली, कारण तिथे पडदे जाड आहेत आणि आवाज घुमत नाही. बाबा दुपारचे झोपले होते. उठले. विचारलं, एक ते दहामध्ये त्रास किती? म्हणाले, तुझी आई असती ना, तर. वाक्य पूर्ण केलं नाही. नोंद घेता आली नाही.

मग आपणच बोलत बसले. टॉवरवर असताना घरी कुणी आलं, की आई गच्चीवर पिवळी चादर टाकायची. म्हणजे आज लवकर ये. वरून बरोबर दिसायची. मी नकाशावर अंतर मोजलं. एवढ्यावरून चादर म्हणजे जेमतेम ठिपका. तसं सांगितलं. म्हणाले, ठिपकाच दिसायचा गं. पण पिवळा.

६ मार्च
बाबा एअर होजला अडखळून पडले. गुडघा सुजला. ताई धावत आली आणि सगळं घर डोक्यावर घेतलं. मी शांतपणे दाखवलं की होज मुद्दाम लाल घेतला आहे, लाल रंग कुणालाही दिसतो. ताई म्हणाली, त्यांना दिसत नाही म्हणूनच तर हे सगळं चाललंय ना, शहाणे?

भावनेच्या भरात बोलणाऱ्यांशी वाद घालायचा नाही. हा संकल्प जानेवारीचाच, आज पुन्हा केला.

१५ मार्च
भाऊजींचा प्रस्ताव: दुकानाच्या टेम्पोतून नेतो की बाबांना, त्यात काय. या टेम्पोत इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. मी खाली जाऊन टेप लावला, गुरुत्वमध्य काढला आणि कोणत्या कोनाला तो कलंडेल ते कागदावर मांडून दिलं. भाऊजींनी कागद उलटसुलट बघितला. म्हणाले, पण मागे गाद्या असतात, उलटला तरी लागणार नाही. बाबा खोकला येईपर्यंत हसले. माझ्या विनोदांना ते असे हसत नाहीत. मी विनोद करत नाही, हेही खरं.

प्रस्ताव फेटाळला. बाबांना म्हटलं, थोडं थांबा, नीट नेते. म्हणाले, थांबतो की. मी कुठे जातोय. शेवटी त्यांचा विश्वास माझ्यावरच आहे.

११ एप्रिल
निवड झाली. दोन सिलिंडरचा, शंभर टक्के ड्यूटी सायकल, म्हणजे दिवसभर चालवला तरी दमणार नाही. इतका निर्विवाद निर्णय मी आजवर घेतला नव्हता.

आता बसवायचा कुठे? बॉनेटखाली उष्णता. मागे धूळ. सर्वोत्तम जागा ड्रायव्हरशेजारी, पण तिथे बाबांची सीट आहे. सीट काढली. बाबा मागच्या, बाजूला तोंड असलेल्या आडव्या बाकावर बसतील.

मिस्त्री म्हणाला, मग त्यांना पुढचं दिसणार कसं? मी म्हटलं, पुढचं वर गेल्यावर बघायचंय.

२९ एप्रिल
कंप्रेसर बसवायच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग चौथ्यांदा बदललं. सकाळी बाबांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. हातातून सोडला तेव्हा त्यांना वाटलं खाली टेबल आहे. कप फुटला. चाचपडत तुकडे गोळा करायला लागले. मी त्यांना बाजूला केलं. टेबलावर माझे फिटिंग्ज होते, काचा त्यांत गेल्या असत्या.

१७ मे, रविवार
आज गेलो. सविस्तर लिहिते, कारण ताई वेगळं सांगत सुटेल.

बाबा पहाटेच तयार. इस्त्रीचा शर्ट, नोकरीतली टोपी. पायथ्यापर्यंत उत्तम. शेवटच्या तीव्र वळणांआधी मी जीप थांबवली आणि लॉकची पूर्वतपासणी घेतली. टाकीचा दाब हळूहळू उतरत होता. कुठेतरी गळती. जीप अडकली नव्हती. रस्ता कोरडा होता, चाकं घसरत नव्हती. बाबा मागून म्हणाले, बाई, इथून चल ना सरळ. पहिला गिअर टाक, सोडू नकोस, दोन वळणं राहिलीत. मी म्हटलं, लॉकशिवाय जायचं असतं तर जानेवारीतच गेलो असतो. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मुद्दा पटला असावा.

प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा कुठे दिसेना. सगळे जोड पुन्हा आवळले. गळती वाढली. मध्ये ऊन कलायला लागलं. सावली मिळावी म्हणून जीप मी रस्त्यासाठी कापलेल्या कड्याला लागून उभी केली होती. त्यामुळे बाबांच्या तोंडासमोर कडा, आणि दरी पाठीमागे. विचारलं, बाबा, कंटाळलात का? म्हणाले, नाही, ही भिंत मला माहीत आहे, तिचा रंग संध्याकाळी बदलतो. मग थोड्या वेळाने म्हणाले, बदलला का?

बदलला होता. हो म्हटलं.

अंधारायच्या आत खाली आलो. रात्री धोका पत्करणं व्यावसायिक नाही. एकूण ट्रायल उपयुक्त. बाबांनाही मोकळी हवा मिळाली.

२ जून
गळती सापडली. टाकीच्या जोडातली रबरी ओ-रिंग जास्त आवळल्यामुळे चिरली होती. जोड मी आवळला होता, पण रिंगने तेवढं सोसायला हवं होतं. मटेरियलचा दोष. वेगळ्या मटेरियलची रिंग मागवली. पुढची फेरी जुलैअखेर, नक्की.

बाबा आता जिन्याला हात लावून पायऱ्या उतरतात. मोजत नाहीत. ओठ हलत नाहीत, म्हणजे मोजत नसावेत.

१२ जुलै, रविवार
नवी रिंग बसवली. दाब सकाळभर जागचा हलला नाही. हे सांगायला वर आले तर घरात कुणी नाही. ताई बाबांना फिरायला नेते म्हणाली होती. छान. मला शांतता मिळाली.

गच्चीवर गेले. पावसाने दोन दिवस उघडीप दिली आहे. कठड्यावर आईची जुनी पिवळी चादर टाकलेली, चार कोपऱ्यांना विटा. हात लावून बघितला, कोरडी ठणठणीत. ताईचं हे नेहमीचं, काम अर्धवट टाकून जायचं. काढली, कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातली, कपाटात ठेवली.

दुपार सरताना सगळे आले. टेम्पोतून. बाबांच्या टोपीला कापूस. टॉवरवर गेले होते. मला सांगितलं नाही, का, तर म्हणे मी टायर तपासत बसले असते. भाऊजी सांगत होते, बाबा पुढे बसले होते आणि डोळे मिटून वळणं सांगत होते. डावीकडे घे, आता दगड येईल, आता सोड. टेम्पो कुठे अडकला नाही. हा योगायोग.

मी विचारलं, दिसलं का? बाबा म्हणाले, तळं दिसलं. म्हणजे काहीतरी चमकत होतं, ते तळंच असणार. ताईने विचारलं, आणि घर? पिवळं? हे विचारताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. बाबा चाचपडत खुर्चीवर टेकले. मग म्हणाले, नाही गं, पिवळं काही दिसलं नाही. बाकी भुरकट तरी दिसत होतं. पिवळं नव्हतंच. गेले डोळे. आता कळलं, बरं झालं.

ताई गच्चीवर जायला निघाली. मी म्हटलं, चादर मी आणली खाली, वाळली होती. कधी, ते तिने विचारलं. मी म्हटलं, आत्ताच, तुम्ही यायच्या जरा आधी.

बाबांना बाकी काही सांगण्यात अर्थ नाही. डॉक्टरांचं निदान तसंही बरोबरच ठरलं.

१९ जुलै
बाबांनी जीपची चावी भाऊजींना दिली. शब्द म्हणजे शब्द, म्हणाले. मी निदर्शनास आणलं की भाऊजींनी त्यांना टेम्पोने नेलं, जीपने नव्हे, आणि अट संदिग्ध होती. बाबा म्हणाले, अट तुला नीट कळली होती. तुझ्याचसाठी घातली होती ती.

हे स्तुती म्हणून म्हणाले की कसं, ठरवता आलं नाही.

३० ऑगस्ट
भाऊजींनी जीपमध्ये बाबांची पुढची सीट परत बसवली. त्यासाठी कंप्रेसर काढला. विकणार असतील असं वाटलं होतं, पण दुकानात लावला आहे. हवेच्या गाद्या ठेवायला लागलेत, त्या भरायला.

आज तपासायला गेले. माउंटिंग चुकीचं, पण चालतो. बाबा हल्ली दिवसभर तिथेच असतात. स्टुलावर बसून गाद्या भरतात. आवाजावरून त्यांना कळतं गादी कधी भरली, मग नळ बंद करतात. एकही फुटलेली नाही, भाऊजी गिऱ्हाइकांना सांगतात.

माझी चाहूल लागली तशी म्हणाले, कंप्रेसर मात्र चांगला निवडलास. सकाळपासून चालू आहे, दमत नाही. हे त्यांनी गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. शंभर टक्के ड्यूटी सायकल. मी एप्रिलमध्ये हेच लिहिलं होतं.

दर्शनी गादीवर घालायला ताईने घरून चादर आणली होती, पिवळी. मी म्हटलं, पांढरी घाल. तिने विचारलं, का? मी म्हटलं, पिवळीवर धूळ दिसते.

बाबा म्हणाले, असू दे पिवळी, मला काय.