डोंगर म्हणजे उत्तर

८ मे १९३८. अकोला.
चिखलदऱ्यासाठी खरेदी. सोला हॅट घेतली. कॅनव्हासचे बूट घेतले. किंचित लहान आहेत, पण रुबाब आहे. वापरून सैल होतील. दुर्बीण एका वकिलांकडून मागून आणली. दुकानदार एक होकायंत्र गळ्यात मारायला बघत होता. त्याला सांगितलं, मी अकोटचा. आमच्या वाडीत उभं राहिलं की डोंगर दिसतो, डोंगर दिसला की ती उत्तर. वांग्याचे वाफेसुद्धा आम्ही डोंगर बघून आखतो. होकायंत्र अकोलेकरांना विका. बिचाऱ्याने ते परत कपाटात ठेवलं.

प्लॅन मामांचा. शेंदूरजनाघाटचे महादेवराव, मोठी संत्र्याची बाग, उन्हाळ्याचे चिखलदऱ्याला राहिले आहेत. सोबत पत्नी गोदाबाई आणि लग्नाची मुलगी वच्छला. मी आणि पुंजाराममामांनी तिथे 'सहज' जायचं. याआधी तीन स्थळं मी नाकारली. त्यांचा नकार आधी पोचला, एवढंच.

अजिबात अस्वस्थ नाही. झोप येत नाही ती उकाड्यामुळे.

१० मे, मंगळवार. चिखलदरा.
घाटात वळणंच वळणं. मोटारीत डोळे मिटून बसलो होतो, ते विचार करण्यासाठी. मामांनी लिंबू आणलं होतं, ते त्यांच्या आग्रहाखातर चोखलं.

सायंकाळी महादेवरावांकडे चहा. इम्प्रेशन उत्तम. डोंगर हा माझा रोजचा सोबती, तलाव एका दमात पार करतो, एकदा अस्वल समोरासमोर आलं होतं, असं ओघात सांगितलं. (अस्वल समोर आलं होतं हे खरंच आहे. अकोटच्या बाजारात, मदाऱ्याच्या दोरीला.) महादेवराव म्हणाले, बाप्पा, मंग आमाले किल्ला तुमीच दाखवा. मी ताबडतोब हो म्हटलं.

वच्छला कमी बोलते. पण सारखी माझ्या हॅटकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, घरात ऊन नाई, हॅट काहून नाई काढत? आवडलेली दिसते हॅट. काढली नाही.

११ मे.
उद्या गाविलगड. रस्ता आधी पाहून यावा असं मामा म्हणाले. ठिकाण माहीत करून घेऊन जाण्यात साहस ते काय! त्यांचा गुडघा धरला आहे, ते येणार नाहीत. बरंच झालं.

उठलो, बसलो, व्हरांड्यात फेऱ्या घातल्या. बूट घालून फेऱ्या घातल्या. बूट काढले. दुर्बिणीतून महादेवरावांचा बंगला पाहिला. गोदाबाई दाणे निवडताना फार मोठ्या दिसल्या, दचकलो.

खरं लिहायचं तर मुलगी मला फार आवडली आहे. हे वाक्य खोडावं. नंतर खोडीन.

निश्चय: उद्या कमी बोलायचं, जास्त करून दाखवायचं.

१२ मे, गुरुवार. सकाळ, किल्ल्यात.
सुखरूप पोचलो. रस्ता सरळ होता, तरी मी पुढे चाललो. तोफ दाखवली. तिची माहिती सांगितली, बरीचशी तिथेच सुचली. वच्छला हॅटकडे बघत होती. टाचा पोळताहेत.

तलावाच्या काठी.
पाणी हिरवं आहे. तळ दिसत नाही. महादेवराव म्हणाले, हं चंद्रभानजी, करा पार. मी आमच्या विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून. इथे डबा नाही. म्हटलं, नुकत्याच पोळ्या खाल्ल्या आहेत, शिवाय असल्या जुन्या पाण्याचा मान राखावा. गोदाबाई म्हणाल्या, खरं हाय. समजूतदार बाई. वच्छलाने पुन्हा हॅट पाहिली.

काय लिहून राहिले म्हणून महादेवरावांनी विचारलं. नकाशा, म्हटलं.

दुपार.
आल्या वाटेने परत जाणं हे यात्रेकरूंचं काम. शॉर्टकट काढला आहे. गाव किल्ल्याच्या उत्तरेला. म्हणजे डोंगराकडे तोंड करून चालायचं. शेतातला साधा हिशेब.

दुपार, थोड्या वेळाने.
इथे चारही बाजूंना डोंगर आहेत. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. सूर्य डोक्यावर, त्याचाही उपयोग नाही.

महादेवरावांचं गावही सातपुड्याच्या पायथ्याशीच. तेही ठामपणे म्हणाले, डोंगर तिकडं म्हणजे उत्तर तिकडंच. फक्त त्यांनी दुसऱ्या डोंगराकडे हात केला. मी माझ्या डोंगराकडे केला. आम्ही दोघे बराच वेळ हात लांब करून उभे होतो. गोदाबाई दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, दोन दोन उत्तरा झाल्या माय, आता मले पाणी द्या. पाणी संपलं आहे.

आधी माझ्या उत्तरेला गेलो. दरी. मग त्यांच्या उत्तरेला. तीच दरी.

दिवस कलताना.
गोदाबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. मी माझे बूट काढून दिले. शौर्याचं काहीतरी बोलायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, घ्या, मला चावतात. त्यांना अगदी मापाचे झाले. मी अनवाणी. काटे आहेत.

झुडपात खसफस झाली. मी सर्वांना सावध करण्यासाठी 'अस्वल' असं ओरडलो आणि व्यूह म्हणून महादेवरावांच्या मागे गेलो. वच्छला म्हणाली, म्हैस हाय. गळ्यात घंटी हाय. दिवस कलला, ते घरीच जाऊन राहिली. चला इच्या मांगं.

म्हशीमागे चाललो. महादेवरावांना सांगितलं, ही म्हैस मी केव्हाच हेरली होती, योग्य वेळेची वाट पाहत होतो. म्हैस गवळ्यांच्या वस्तीत पोचली, आम्हीही पोचलो. गवळणीने गरम दूध दिलं. गाव समोरच्या चढापलीकडेच होतं. म्हणजे माझा अंदाज फार चुकला नव्हता.

१३ मे.
पाय सुजले. मामा हळद लावतात आणि हसतात.

सकाळी महादेवराव रस्त्यात दिसले. त्यांनी मला पाहिलं नाही. मी हात केला, तेव्हा तर मुळीच पाहिलं नाही.

विचारांती दोष कुणाचा हे ठरवलं: बूट. दुकानदार, ज्याने होकायंत्राचा नीट आग्रह केला नाही. शिवाय चिखलदऱ्याचे डोंगर, जे चुकीच्या जागी आहेत.

दिवसभर दाराकडे बघतोय. जेवण गेलं नाही. दुर्बिणीला हात लावला नाही.

मला ही मुलगी हवी आहे. याही वेळी नकार आला तर 'मी नाकारलं' असं या वहीत मला लिहिता येणार नाही.

१४ मे, शनिवार.
मामा त्यांच्याकडे गेले. लंगडत गेले, लंगडत आले. येऊन मला सगळं सांगितलं, नको ते सुद्धा.

महादेवराव म्हणाले, ज्याले घरचा रस्ता सापडत नाई, त्याच्या हाती पोरगी काहून द्याव? गोदाबाई स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. पायात माझे बूट होते. मग गोदाबाईंनीच मुलीला विचारलं.

वच्छला म्हणाली, याइले खोटं बोलता येत नाई. बोलले का कान लाल होतात. अस्वलाचं सांगतलं तवा झाले, तोफेपाशी झाले, तलावापाशी झाले, म्हैस हेरली होती म्हणे तवा तर हॅटीखाली दिवे लागल्यासारखे झाले. आईले बूट देले, म्हणे मले चावतात, तवा नाई झाले. असा माणूस कोणाले फसवीन? मले चालते. रस्ता मी पाहीन.

म्हणजे इतके दिवस हॅटकडे कुणी पाहतच नव्हतं.

महादेवराव अखेर हो म्हणाले. माझ्या आहेरात होकायंत्र देतो म्हणाले, स्वतःसाठीही एक घेणार आहेत.

मी मामांना शांतपणे सांगितलं, मला यात विशेष काही वाटत नाही, विचार करून कळवतो.

मामांनी खिळ्यावरचा दाढीचा आरसा काढून माझ्या हातात दिला.

पाहिला. म्हटलं, हो कळवा.