पाणी पिऊ का, साहेब?

सोमवार, ४ मार्च

घसा बसलाय! पण पहिला वर्ग झाला. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये शिवणविभागातल्या सगळ्या बायका, आणि शेवटच्या बाकावर आई. आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मीच. आणि पहिल्याच नोकरीत आईला शिकवायचं! परदेशी गिऱ्हाइकं येणार, म्हणून मालकीणबाईंना बायकांना थोडं इंग्रजी यायला हवंय.

आज 'कॅन'. आपल्याला काय येतं ते सांगायचं. काजं करणारी म्हणाली, "आय कॅन शिट्टी!" आणि वाजवलीसुद्धा. आई म्हणाली, "मला काही येत नाही, टीचर." सगळ्या ओरडल्या, "मग कॉलरी काय भुतं लावतात?"

घरी मी 'अगं ए', वर्गात 'टीचर'. मजा वाटते.

बुधवार, ६ मार्च

'मस्ट'. काय काय करावंच लागतं ते सांगा म्हटलं. तास संपला, यादी संपेना!

शुक्रवार, ८ मार्च

'मे'. परवानगी मागायची सभ्य रीत. 'मे आय ड्रिंक वॉटर?' प्रत्येकीकडून घोटून घेतलं. नियमही घातला – उद्यापासून सुपरवायझरसाहेबांना काहीही विचारायचं ते इंग्रजीतच. आईचे उच्चार सगळ्यांत स्वच्छ. पण बोलले नाही. आपल्याच आईचं कौतुक कसं करायचं?

मंगळवार, १२ मार्च

आईला लघवीला जळजळतंय. घरी आल्या आल्या तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली.

"दिवसभर प्यायली नाहीस?"

"विचारलं की. साहेब 'नो' म्हणाले."

"आणि आधी?"

"आधी कोण विचारत होतं? उठायचं, प्यायचं, येऊन बसायचं."

खोदून विचारलं. सगळ्याच विचारतात, सगळ्यांना 'नो'! मीच शिकवलं हे. मीच!

बुधवार, १३ मार्च

वर्गात माफी मागितली. म्हटलं, विचारूच नका, पूर्वीसारखं उठा. काजंवाली म्हणाली, "म्हणजे शिकलेलं विसरायचं? मग आम्ही पहिल्या नंबराने पास!" सगळ्या हसल्या. आई नाही.

"त्यांनी तोंडावर नाही म्हटलंय. आता तसंच उठले तर उद्या कामावर ठेवतील का?"

खरंय. साहेबांशी मलाच बोलायला हवं. पण त्यांच्या मिशा बघूनच मला घाम फुटतो.

गुरुवार, १४ मार्च

त्यांच्या टेबलापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. ते म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "काही नाही."

भित्री कुठली! आईला औषध आणलंय. उद्या बोलायचं म्हणजे बोलायचंच.

शुक्रवार, १५ मार्च

बोलावं लागलंच नाही. वर्ग सुरू होता, तर साहेबच दारात. कान लाल.

"टीचर, मलाही बसू द्या. आठवडाभर या बायका काहीतरी विचारतायत. कळत नाही म्हटलं तर हसतील, म्हणून सरसकट नो म्हणत सुटलो. काय विचारतात हो?"

काजंवालीची शिट्टी वाजली. आईने सरकून बाकावर जागा केली.

"बसा साहेब. आम्ही पाणी पिऊन येतो, मग सांगतो."

आणि सगळ्या उठल्या. मलाही विचारलं नाही.