तात्यांशी बरोबरी

१२ जाने., रवि.
इंदापूर. ताईच्या सासरी जेवण. जाताना गाडीत अण्णांनी बजावलं, "तात्या डाव मांडतीलच. मुलीचं सासर हाय, जिंकायचं न्हाय." तात्या म्हणजे ताईचे सासरे. गल्लीत त्यांना बुद्धिबळात कुणी हरवत नाही. मी बारामतीत क्लास घेते, स्पर्धा खेळते. गल्ली वेगळी आणि स्पर्धा वेगळी, ते त्यांना कोण सांगणार.

पट आला. शेजारचे भोवती बसले. थोड्याच चालींत तात्यांचा वजीर गेला. मी हरायचं ठरवून बसले होते, पण हातच होईना. शेवटी त्यांचा एकटा राजा कोपऱ्यात. मी वजीर असा ठेवला की शह नाही आणि त्यांना चालही नाही. स्टेलमेट. वर मीच मोठ्यांदा म्हणाले, "बरोबरी झाली."

शेजारचे काका हसले. "तात्या, सुनेच्या बहिणीनं तुमची बरोबरी केली की!"
अण्णांचं तोंड उतरलं. तात्या पटाकडेच बघत होते. "चुकलीस व्हय?"
"हो, चुकून झालं."

१३, सोम.
मान राखला, मान राखला, असं सकाळपासून घोकतेय. मान राखायचा होता तर सरळ हरले असते. चार लोकांत त्यांच्याकडून हरणं नको होतं, एवढंच खरं. आणि खोटंही बोलले. लाज वाटते. अण्णा धड बोलत नाहीत.

१६, गुरु.
ताईचा फोन. तात्यांनी पट माळ्यावर टाकला. लोक येऊन पाठ थोपटतात, "क्लासवालीला अडवलंत", की हे उठून आत. काल ताईला म्हणाले, "दुसऱ्यांना शिकवती ती. असली चूक तिच्या हातनं हुईल? भीक घातली मला."
ताईला घरात कुणी टाकून बोलत नाही. तिला तेच जास्त लागतं. मेल्याहून मेल्यासारखं.

१७, शुक्र.
दुपारी धीर करून फोन लावला. "तात्या, मी मुद्दाम केलं. माफ करा."
ते म्हणाले, "परवा ये. एकटी ये. जिंकायचं असंल तरच ये."
हो म्हणाले.
फोन ताईने घेतला. बाजूला गेली असावी, आवाज बारीक. "ये गं. पण लई वाईट हरवू नगंस त्यांना."
तिलाही हो म्हणाले.