अर्थ न कळता पाठ केलेलं भाषण

स्लाऊ, मंगळवार, संध्याकाळ

लहानपणी रेडिओवर ऐकलेली ती गर्दीची आरोळी अजून कानात आहे. कैरोहून इजिप्तच्या नेत्याचं भाषण लागायचं. अरबीचं अक्षर कळत नव्हतं, तरी शाळेतल्या कवितेसारखं चालीत पाठ केलं.

परवा तेच फरीदला, हॉस्पिटलात माझ्याबरोबर काम केलेल्या जुन्या इजिप्शियन मित्राला, हौसेनं म्हणून दाखवलं. त्यानं चहा अर्धाच ठेवला. "या भाषणांपायी माझा भाऊ सिनाईत मेला," म्हणाला आणि उठून गेला. फोन उचलत नाही.

आज नात तिच्या ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, निबंधासाठी विचारत होती, "आजोबा, सदुसष्टचं युद्ध त्या लीडरमुळेच झालं का?"

एकट्यामुळे नाही, म्हटलं. दुसरी बाजूही काही हात जोडून बसली नव्हती. पण अरब ऐक्याच्या घोषणा देत यानं सैन्य सीमेवर नेलं, शत्रूच्या जहाजांना सामुद्रधुनी बंद केली. मग त्या आरोळीपुढे माघार कशी घेणार?

"आणि तुम्हाला तो आवडायचा?"

आवाज आवडायचा. हे सांगताना काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं ना? तो अर्धा चहा तेवढा दिसत राहतो.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात फरीद! हॉलमध्ये कोट काढतोय, तोवर त्याचं वाक्य लिहून ठेवतो: "पुन्हा म्हण. आज एकेका ओळीचा अर्थ सांगतो."