खोयच्या टाकीचा पंप

मी, हुइन थी न्यान, वय एकाहत्तर, राहणार सा देक, कालव्याकाठी, शेवयांच्या सुपाची गाडी चालवणारी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहिते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

१. राहते घर सून थूय हिला द्यावे. माझा एकुलता मुलगा खोय होडी उलटून नदीत गेला, त्यानंतरही ती माहेरी गेली नाही. "सून परक्याची" म्हणणाऱ्या माझ्या दिरांनी हक्क सांगू नये. मी आजारी असताना ते फिरकलेही नाहीत.

२. सुपाचे मोठे पातेले धाकटी बहीण बिच हिला. तिला घासायची भारी हौस. बुडाची काजळी जन्मभर पुरेल.

हे रागाने लिहिले आहे, म्हणून कारणही लिहिते. खोयने गप्पी माशांच्या टाकीसाठी घरीच गाळणी केली होती. कापलेल्या बाटलीत तळाला खडे, वर करवंटीचा कोळसा, त्यावर स्पंज आणि मधून पंपाची नळी. बुडबुडे वर चढले की पाणी स्पंजातून ओढले जाई.

तो बजावायचा, "आई, स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. नळाखाली धरू नकोस. तो मळ जिवंत असतो, तोच पाणी राखतो."

"मळानं पाणी स्वच्छ होतं? हे बायकोला सांग, खूश होईल!"

तो गेल्यावर मी स्पंज तसाच पिळत राहिले. त्याच्या हातचे तेवढेच जिवंत उरले होते.

यंदा नव्या वर्षाच्या सणाआधी घर घासायला बिच आली. तिने स्पंज साबणाने धुऊन पुन्हा बसवला. "ताई, बघ कसा पांढराशुभ्र काढला!" सणाच्या पहिल्या सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते. मी ते बाहेर नेऊ लागले, तर ती ओरडली, "आज घरातलं काही बाहेर टाकू नकोस गं, नशीब जाईल!"

"कुठलं नशीब उरलंय?" मी म्हटले. तरी रीत मोडवेना. सण सरेपर्यंत मासे खोयच्या तसबिरीखाली वाडग्यात झाकून ठेवले. माझा मुलगा मी दुसऱ्यांदा गमावला.

बिच खूप रडली. तिने स्पंज मायेनेच धुतला, हे मला कळते. पातेले तरीही तिलाच.

३. सोन्याची अंगठी थूयला, लग्नासाठी. रोपवाटिकेतला फुक तिला मागणी घालतो आणि ती म्हणते, "टाकीचं कोण बघेल, आई?" टाकीत आता एकही मासा नाही. तरी मी पंप चालू ठेवते, आणि ती आटलेले पाणी भरते. पंपाचा आवाज थांबला की खोय घरात नाही हे मला ऐकू येईल, त्याची मला भीती वाटते.

४. मला पुरून घरी आल्यावर थूयने आधी पंप बंद करावा. पोरी, कोणाला विचारू नकोस. मला ते जमले नाही, तू कर. मग अंगठी घाल. घर विकावेसे वाटले तर वीक.

सही: हुइन थी न्यान
सा देक, चांद्रवर्षाचा पहिला महिना, सोळावी तिथी

साक्षीदार: साम (कॉफीवाले), ल्यू (शेजारीण).
बाईंनी आमच्या देखत सही केली. तेव्हा पंप चालू होता.