बॉनेटवरचा डाग

१० मार्च, सोमवार

गाडी विकायची ठरली. सकाळी पुण्याहून गोपालचा फोन. "आई, गिऱ्हाईक मिळालंय. मोताळ्याचे भाऊराव म्हणून शिक्षक आहेत. पाडव्याला गाडी घरी न्यायची म्हणतात. तोवर जरा चकाचक करून ठेव."

चकाचक करून ठेव — हे मला सांगतो! एकोणीस वर्षांत ह्यांनी त्या गाडीला कुणाचा हात लागू दिला नाही. ना धुलाई सेंटरच्या पोरांचा, ना माझा. दर रविवारी स्वतः पाइप घेऊन उभे. मी हे चिक्कूपणाचं लक्षण समजत आले.

आता ह्यांचा नाइलाज आहे. अकोल्याच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितलं — काचबिंदू. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळायचं. गाडी चालवणं बंद. ह्यांनी घरी आल्यावर चावी शोकेसमध्ये ठेवली, आणि तेव्हापासून पोर्चमध्ये खुर्ची टाकून गाडीकडे पाठ करून बसतात.

ती पाठ मला बघवत नाही.

११ मार्च

बादली, भांडी घासायचं लिक्विड, ह्यांचं जुनं बनियन. मी तयार. पहिला फेस झाला नाही तोच खुर्चीतून आवाज —

"वास कायचा येऊन राह्यला? लिंबाचा?"

"साबणाचा."

"भांड्याची साबन? अवं, कढई हाय का ते? सारं पॉलिश उतरते."

पाठ तशीच. पण नाक गाडीकडे होतं, हे मी पाहिलं. बादली ओतून दिली.

१२ मार्च

स्टेशन रोडला धम्मरत्नचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. माझा जुना विद्यार्थी नाही, पण त्याच्या बायकोला मी इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळे मान मिळतो. बसायला स्टूल, वर चहा.

बाई गं, केवढ्या त्या बाटल्या! शाम्पू, वॅक्स, पॉलिश, टायरला वेगळं, काचेला वेगळं, आतल्या प्लास्टिकला वेगळं. माझ्या अख्ख्या आयुष्यात माझ्या चेहऱ्याला एवढं लागलं नाही. एका डबीत तर मऊ मातीची वडी होती — लहान मुलांच्या खेळण्यातली असते तशी. ती ओल्या पत्र्यावर फिरवायची, म्हणजे हाताला लागणारी बारीक कचकच निघते म्हणे.

मी म्हटलं, सगळंच दे. तो हसला.

"काकू, पयल्यांदा करून राह्यल्या ना? मंग चारच गोष्टी न्या. शाम्पू, धुवायचा हातमोजा, पुसायचे मऊ फडके, शेवटी हे पातळ वॅक्स. माती न्यायची तर न्या, पन हलक्या हातानं. आन् हे रबिंग कंपाउंड —" त्याने एक ट्यूब माझ्यासमोरून उचलून मागे ठेवली, "हे नवशिक्यानं हातात घ्यायचं नाही. हे डाग खाते आन् रंगबी खाते."

आणि निघताना — "दोन बादल्या घ्यायच्या, काकू. एकीत शाम्पू, एकीत साधं पानी. मोजा दरवेळी साध्या पान्यात खंगाळायचा, मंग शाम्पूत. नाही तं तीच रेती गाडीवर घासत बसान."

दोन बादल्या! मी स्टुलावर बसल्या बसल्या अमरावतीच्या बोर्डिंगमध्ये पोचले. चॅपलची फरशी, गुडघ्यांवर बसलेल्या आम्ही बारा मुली, आणि सिस्टर बेनेडिक्टा. "टू बकेट्स, गर्ल्स. ह्या बादलीत फडक्याने आपली चूक कबूल करायची, त्या बादलीत माफी घ्यायची." एकदा मी आळसाने एकाच बादलीत सगळी फरशी पुसली, तर त्यांनी शांतपणे म्हटलं, "वंदना, तू पाप सगळीकडे सारखं पसरवलंस." किती हसलो होतो आम्ही रात्री पांघरुणात.

रबिंग कंपाउंडची ट्यूब मी धम्मरत्न आत गेला तेव्हा घेतली. दुकानातल्या पोराला हिशेबात धरायला लावली अर्थात. पण मला बॉनेटवरचा तो डाग माहीत होता.

१४ मार्च

धुळवड. गल्लीतल्या मुलांना पोर्चच्या दारातच लाडू वाटून परत पाठवलं. गाडी वाचली. माझे केस हिरवे.

१६ मार्च, रविवार

आज पहिली खरी धुलाई. आणि मी किती हुशार आहे पाहा — आमच्या बोअरचं पाणी खारं, सगळ्या शेगावात कुणालाही विचारा, तर मी ते वापरलंच नाही. स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनचं जे पाणी नळीवाटे वाया जातं ते चार दिवस पिंपात साठवलं. मशीनमधून आलेलं, म्हणजे गाळलेलंच की! दोन बादल्या भरल्या. छपरापासून खाली, सिस्टर म्हणाल्या असत्या तशी. तीनच्या उन्हात गाडी लख्ख दिसली. मी चहा करायला आत गेले.

बाहेर आले तर गाडीला देवी आल्या होत्या. पांढरे ठिपके, अंगभर, काचांवरसुद्धा.

"काय झालं?" खुर्चीतून.

"काही नाही."

"काही नाही म्हनतानी तुया आवाज बारीक होते."

१७ मार्च

धम्मरत्नला फोनवर सांगितलं. तो हसलाच, दुकानातलं दुसरं कोणीतरीही हसताना ऐकू आलं.

"काकू, मशीन चांगलं पानी तुमाले देते आन् सारा खार त्या नळीतून भायेर फेकते. तुमी तोच खार गाडीले पाजला. वरून उन्हात वाळवला."

ठिपके काढायचं वेगळं औषध त्याच्याकडे आहे, पण विकलं नाही. म्हणाला घरात व्हिनेगर असेल तर पिण्याच्या पाण्यात घाला, सावलीत, एकेक पत्रा घ्या, लगेच धुवा. धुवायला नळाचं पाणी. नळ आता बुधवारी.

ह्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदा ओठ हलले. मग पोट. अकोल्याहून आल्यापासून हे हसले नव्हते. मी म्हटलं, अजून एकदा आरओचं पाणी मारू का?

१९ मार्च

नळ आला. ठिपके गेले. मातीची वडीही फिरवली. आधी पत्र्यावर बोटं फिरवली तर रव्यासारखं लागायचं, आता काचेसारखं. हे काम मला फार आवडतं असं दिसतंय.

धुताना माणसाला गाडी कळते. एकोणीस वर्षं मी डाव्या बाजूच्या सीटवर बसले, आणि त्याच बाजूच्या दाराला खाली केवढा पोचा आहे हे विसरूनच गेले होते. तो माझाच! गाडी घेतली त्या वर्षी ह्यांनी मला शिकवायचं मनावर घेतलं. कॉलेजचं मैदान, एवढं मोठं, त्यात एकच विजेचा खांब. मी बरोबर तोच गाठला. हे ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "राहू दे." ते "राहू दे" मी एकोणीस वर्षं राहू दिलं.

आज मी पोच्यावर मोजा फिरवत होते, तर हे म्हणाले, "खांब हाय अजून तिथी." मी वळून पाहिलं. खुर्ची गाडीकडे तोंड करून होती. कधी फिरवली कोण जाणे.

२२ मार्च, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

वॅक्सच्या आधी तो डाग काढायचा ठरवला. बॉनेटच्या मधोमध, तळहाताएवढा, फिका गुलाबी. मला नेहमी वाटे, हे धुतात पण नीट नाही — गाडी सगळी पांढरीशुभ्र आणि नेमका तेवढाच भाग सोडल्यासारखा. ट्यूब काढली. फडक्यावर वाटाण्याएवढं घेतलं. गोल गोल, हलक्या हाताने. आणि काय सांगू, डाग सुटायला लागला! वरचं टोक गेलं, मग एक बाजू. मी आपली खुशीत.

"कोठी घासून राह्यली?"

"बॉनेटवर."

"मधात?"

"हो, तो डाग —"

हे उठले. भिंतीला हात लावत लावत आले, कारण पायरी आता ह्यांना कडेने दिसत नाही. माझा हात बाजूला केला. बोटांनी चाचपून पाहिलं, मग अगदी वाकून, नाक टेकेल एवढं जवळून.

"वरचा हात गेला," म्हणाले.

तेव्हा मला दिसलं. गुलाबी आकाराला चार हात होते, स्वस्तिकाचे. आता तीन.

गाडी घरी आली त्या दिवशी मी शाळेत होते, बोर्डाच्या परीक्षेवर. गाडीची पूजा सासूबाईंनी केली — सत्यभामाबाईंनी, एकट्यांनी. कुंकू पाण्यात कालवलं तर वाळून उडून जातं म्हणून त्यांनी तेलात कालवलं, आणि वर आणखी कुंकू दाबलं. तसंच दिवसभर उन्हात. संध्याकाळी हे आले तर रंगात उतरलेलं. "मी मायवर लय वरडलो," हे म्हणाले. "नव्या गाडीचा सत्यानास केला म्हनलं. दोन दिवस बोललो नाही तिच्यासंग. तिनं मंग पल्लूनं घासून पाह्यलं. गेलं नाही. रडली."

नंतर ह्यांना काढता आलं असतं. काढलं नाही. आई होत्या तोवर नाही, त्या गेल्या त्यालाही आठ वर्षं झाली, तरी नाही. दर रविवारी त्याच्या कडेकडेने पुसायचे. धुलाई सेंटरला म्हणून गाडी कधी दिली नाही. आणि आई गेल्यापासून दर दसऱ्याला मी कुंकवाची वाटी घेऊन आले की मला म्हणायचे, "बॉनेट तापलेलं असते, तू डिकीवर काढ." आठ दसरे मी डिकीवर स्वस्तिक काढलं. दसऱ्याला कसलं आलंय तापलेलं बॉनेट? मला कधी प्रश्न पडला नाही.

मला वाटलं आता बोलतील. बोलणी खायला मी उभी राहिले. हे म्हणाले, "तुले काय मालूम." आणि आत गेले.

सिस्टर, माझ्या दोन्ही बादल्या आज गढूळ.

२३ मार्च

चहा घेतला. बोलले नाहीत. पण खुर्ची फिरवलेली नाही.

२६ मार्च

वॅक्स केलं. डागाच्या भोवतीने. उरलेल्या तीन हातांना बोट लावलं नाही. हे खुर्चीतून सांगत होते — "थोडं थोडं घे. वाळू दे. आता दुसरं फडकं." जवळच्या पत्र्यात आमची दोघांची तोंडं दिसली. मी म्हटलं, केसांतला हिरवा रंग अजून आहे. हे म्हणाले, "त्याले कंपाउंड लाव."

बोलले एकदाचे.

२९ मार्च, शनिवार

भाऊराव आले. भला माणूस. चपला बाहेर काढून गाडीभोवती फिरले, देवळात फिरतात तसे. "काकाजी, एकोनीस वर्साची वाटत नाही. कोनाकडून करून घेतली?"

"घरचीच कारागीर हाय," हे म्हणाले. मी पोहे आणायला आत जाताना ते ऐकलं. अजून ऐकू येतंय.

सगळं ठरलं. गोपाल फोनवर होताच. चावी द्यायची वेळ, आणि भाऊराव बॉनेटवर हात ठेवून अगदी सहज म्हणाले, "एवढा डाग तेवढा काढून टाकतो. घासला का जाईन. उद्या पाडव्याले नवं स्वस्तिक काढाले जागा पायजे."

त्यांचं चूक नाही. त्यांची गाडी, त्यांचा सण. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे समोर पाहत होते, तेवढंच दिसतं त्यांना. म्हणाले, "हाव. घासा." आणि खुर्ची उचलली, पाठ करायला.

"नाही द्यायची," मी म्हटलं.

भाऊराव थांबले. हे थांबले, खुर्ची अधांतरी. फोनमधून गोपाल, "आई, काय म्हणालीस?"

"गाडी द्यायची नाही. भाऊराव, माफ करा. पोहे खाऊन जा."

त्यांनी पोहे खाल्ले. रागावले असावेत, पण दुसऱ्यांदाही घेतले. जाताना म्हणाले, "काकू, मंग गाडी चालवन कोन?"

ते गेल्यावर गोपालनेही तेच विचारलं, जरा मोठ्या आवाजात. मी म्हटलं, पाडव्याची खरेदी करायची आहे, ठेवते.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड. मग कुंकवाची वाटी घेऊन सवयीने डिकीकडे निघाले.

"तिकडं कोठी चालली?" हे म्हणाले. "बॉनेटवर काढ."

काढलं. पाण्यातलं कुंकू. आईंच्या डागावर नाही — शेजारी, उजव्या बाजूला. अंदाज चुकला, एक बाजू आखूड आली. ह्यांनी वाकून पाहिलं. "दोन्हीले एकेक हात कमी. बरं हाय."

मग उभ्या उभ्या, गाडीकडे बघत, "चालवन कोन, सांगितलं नाही तू."

मी वाटी धुवायला आत गेले.

२१ एप्रिल, सोमवार

मागच्या काचेवर लाल एल. शिकाऊ परवान्यावर वय बासष्ट, आणि चाळिशी ओलांडलेल्यांना लागतो तो डॉक्टरांचा दाखला जोडलेला. सकाळी सहाला कॉलेजच्या मैदानावर गेलो. शिकवणारे मास्तर मागे. एकोणीस वर्षं माझी होती त्या डाव्या सीटवर आज हे बसले.

"खांब," हे म्हणाले.

"दिसला," मी म्हटलं.